गावतलाव वाचवायचा तर काठ वाचवा

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला. न्यायालयातली लढाईही 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकली गेली. पण तलावच मेला, तर हक्क कशावर सांगायचा? हा प्रश्न आज गावोगावच्या कार्यकर्त्यांनी विचारायला हवा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि शेतातल्या लहान बोड्या याचे जवळचे उदाहरण. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे आले.

अशा तलावाचा जीव खोल पाण्यापेक्षा उथळ काठावर जास्त असतो. गुडघाभर पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, पाणवनस्पती वाढतात. त्या पाण्याला प्राणवायू देतात. त्यांच्या आधाराने गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या जगतात. याच अळ्या डासांच्या अळ्या फस्त करतात. मरळ मासा तिथेच पिल्लांची राखण करतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. पावसाळ्यात अनेक गावठी मासे प्रवाहाविरुद्ध चढून धानाच्या बांधीत अंडी घालतात.

खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबीने काठ सरळ कापला किंवा सुशोभीकरणात सिमेंटची भिंत घातली, की हे सगळे संपते. पाणी दिसते, पण त्यात जीव नसतो. नुकसान होते ते मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांचे, आणि ज्यांच्याकडे ना विहीर ना शेत, अशा भूमिहीनांचे. यात आपली वस्तीही आली.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना पाण्यात थुंकण्यास व मलमूत्र करण्यास मनाई केली. पाणी गाळण्याचे वस्त्र भिक्खूच्या आठ परिष्कारांत मोडते, कारण पाण्यातल्या बारीक जिवालाही इजा होऊ नये.

आपण काय करू शकतो?

1. तलावाचा सातबारा आणि गावनकाशा काढा. क्षेत्र कमी झाले असेल तर ग्रामसभेत मोजणीचा ठराव मांडा. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात राज्यांना बजावले आहे.

2. जैवविविधता कायदा 2002 नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. लोकजैवविविधता नोंदवहीत आपल्या तलावातले मासे, पक्षी, वनस्पती नोंदवा. ढिवर बांधवांना सोबत घ्या. त्यांना हे सर्वाधिक ठाऊक असते.

3. गाळ काढायला विरोध नको; तो शेताला खत आहे. मात्र काठाचा उतार आणि तिथल्या वनस्पती राखण्याची अट कामाच्या ठरावातच घाला.

4. बेशरम आणि जलकुंभी उन्हाळ्यात मुळासकट काढा. बेशरमाच्या तुकड्यालाही मूळ फुटते, म्हणून ती पाण्यापासून दूर वाळवा.

आषाढ ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. पावसात हिरवे गवत व बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, या लोकांच्या तक्रारीवरून तथागतांनी तो नियम घालून दिला. तलावही याच दिवसांत भरतो आणि फुलतो. विहारात ग्रंथवाचनाला जमणाऱ्या तरुणांनी तलावाची नोंद याच वर्षावासात सुरू करावी.