गरोदरपणातील लस आणि चुकलेला छेद

गरोदर स्त्रीने लस घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारावे, असे आपण सहज सांगतो. २०२१ च्या पूर्वार्धात मात्र डॉक्टरांजवळही सांगण्यासारखे फारसे नव्हते. कोविडवरील लशींच्या मुख्य चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना वगळलेले होते. ही रीत जुनी आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीत बाजारातून काढून घ्यावे लागले. त्यानंतर गर्भवतींवर चाचणी करण्यास संशोधक कचरू लागले. सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण तिच्यामुळे धोका नाहीसा होत नाही. तो प्रयोगशाळेतून उठून त्या स्त्रीच्या घरी जातो, आणि मग पुरेशा माहितीविना निर्णय तिनेच घ्यायचा असतो.

आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा गर्भवतींना लस देऊ नये, अशी सूचना होती. २ जुलै २०२१ रोजी त्यांना परवानगी मिळाली. या दोन तारखांच्या मध्ये दुसरी लाट येऊन गेली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्या वर्षी दिलेल्या आकड्यांनुसार, बाधित गर्भवती व बाळंतिणींमध्ये लक्षणे दिसणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या लाटेत १४.२ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के झाले. म्हणजे 'थांबून पाहू' हाही निर्णयच होता आणि त्याचीही किंमत होती.

अमेरिकेत गर्भवतींना लस घेण्याची मुभा आधीपासून होती. ज्यांनी ती घेतली त्यांची नोंद तेथील सरकारी यंत्रणेने ठेवली आणि एप्रिल २०२१ मध्ये पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. नोंदणीत ३,९५८ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ८२७ जणींचे गरोदरपण अहवालाच्या वेळेपर्यंत संपलेले होते, मग ते बाळंतपणाने असो वा अन्य प्रकारे. ७१२ जणींना जिवंत मूल झाले, १०४ जणींचा विसाव्या आठवड्यापूर्वी नैसर्गिक गर्भपात झाला, एक मूल मृत जन्मले आणि उरलेल्या १० जणींचे गरोदरपण इतर कारणांनी संपले. अहवालाने १०४ ला ८२७ ने भागले आणि १२.६ टक्के हा आकडा तक्त्यात दिला.

थोड्याच दिवसांत कुणीतरी दुसरा हिशेब मांडला. ८२७ पैकी ७०० जणींनी लस शेवटच्या तिमाहीत घेतली होती. त्यांचा विसावा आठवडा केव्हाच उलटून गेलेला. त्यांच्या बाबतीत व्याख्येप्रमाणे 'गर्भपात' होणे शक्यच नव्हते. तेव्हा त्या वजा करा. राहिल्या १२७. आता १०४ भागिले १२७ म्हणजे सुमारे ८२ टक्के! 'लस घेतल्यास पाचांपैकी चार गर्भ पडतात', ही बातमी जगभर फिरली. वजाबाकी बरोबर, भागाकारही बरोबर. मग चुकले कुठे?

वर्गातले उदाहरण घेऊ. पेपर तीन तासांचा आहे. पहिला तास संपताच जी मुले पेपर देऊन बाहेर पडली, तेवढ्यांचेच पेपर आपण तपासले. त्यात बहुतेक नापास निघणार. त्यावरून 'या वर्गातली ८२ टक्के मुले नापास' असे कुणी म्हटले, तर आपण विचारू की बाकीची मुले कुठे आहेत? ती अजून पेपर लिहीत बसली आहेत.

येथेही तसेच झाले. आठव्या आठवड्यात लस घेतलेल्या स्त्रीचा दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला, तर तिचे गरोदरपण 'संपलेले' म्हणून ती यादीत आली. तिच्यासारखीच दुसरी, जिचा गर्भ सुखरूप वाढत होता, ती अहवालाच्या दिवशी जेमतेम अठरा-एकोणीस आठवड्यांची गरोदर होती. ती यादीत नव्हतीच. गरोदरपणाच्या सुरुवातीला (किंवा किंचित आधी) लस घेतलेल्या एकूण १,२२४ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ९०५ जणींची विसाव्या आठवड्यापर्यंतची माहिती तेव्हा हाती आलेलीच नव्हती. म्हणून १२७ हा छेद चूक. आणि, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे, ८२७ हा छेदही चूकच होता, कारण त्यात धोका टळून गेलेल्या ७०० जणी होत्या. नियतकालिकाने पुढे ती टक्केवारी तक्त्यातून काढून टाकली.

मग योग्य हिशेब कसा करायचा? प्रत्येक आठवड्याचा छेद वेगळा घ्यायचा. समजा, आठव्या आठवड्याच्या आरंभी ५०० गर्भवती नोंदणीत आहेत आणि त्या आठवड्यात १० गर्भपात झाले. तो आठवडा पार पडण्याची शक्यता ४९०/५००, म्हणजे ०.९८. नवव्या आठवड्यात आणखी ३०० जणी नव्याने आल्या. छेद झाला ७९०. गर्भपात १६ झाले. शक्यता पुन्हा सुमारे ०.९८. दोन्हींचा गुणाकार ०.९६, म्हणून दोन आठवड्यांचा मिळून धोका ४ टक्के. सरळ २६ भागिले ८०० केले असते तर सव्वातीन टक्केच आले असते, कारण नंतर आलेल्या तीनशे जणींनी आठव्या आठवड्याचा धोका नोंदणीत सोसलेलाच नाही. विमा कंपन्यांची आयुर्मान कोष्टके याच तत्त्वावर बनतात.

याच पद्धतीने २,४५६ स्त्रियांचा हिशेब सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहाव्यापासून विसाव्या आठवड्यापर्यंतचा धोका १४.१ टक्के निघाला, वयाचा फरक जमेस धरल्यावर १२.८ टक्के. लस नसतानाही लक्षात आलेल्या दर सात-आठ गरोदरपणांपैकी साधारण एक असेच गळते. नॉर्वेत प्रश्न उलट्या बाजूने विचारला गेला: गर्भपात झालेल्या ४,५२१ स्त्रियांनी आधीच्या काही आठवड्यांत लस घेतल्याचे प्रमाण, गर्भ टिकलेल्या १३,९५६ जणींपेक्षा जास्त होते काय? तसे आढळले नाही.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. अमेरिकेतील हे आकडे फायझर व मॉडर्ना यांच्या लशींचे आहेत. आपल्याकडे मुख्यतः कोविशील्ड व कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या, त्यांची जात निराळी. गरोदरपणी प्रत्येक लशीचा विचार वेगळा करावा लागतो. जिवंत विषाणू असलेली रुबेलाची लस गर्भवतीला देत नाहीत. उलट धनुर्वाताची लस आपण कित्येक दशके देत आलो आहोत (२०१९ पासून ती घटसर्पाच्या लशीबरोबर मिळते), आणि तिच्यामुळे आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली गेली तरी बाळाला संरक्षण असते.

नववी-दहावीच्या वर्गात १०४, ८२७ आणि १२७ हे तीन आकडे फळ्यावर लिहून द्यावेत व अहवालाची तारीख सांगावी. कोणता छेद घ्यायचा, हे मुलांनाच ठरवू द्यावे. पेपरचे उदाहरण मात्र लगेच सांगू नये.