विहिरीतील बुडी
विहिरीतील बुडी : विहिरीच्या काठावरून पाण्यात उडी घेऊन, श्वास रोखून तळाकडे जाण्याची व पुन्हा वर येण्याची क्रिया. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात पोहण्याचे पहिले शिक्षण बहुधा विहिरीतच होत आले असून पहिली बुडी हा त्यातील सर्वांत अवघड टप्पा समजला जातो. नांदेडसारख्या गोदाकाठच्या गावी नदीचा घाट उपलब्ध असतो. बालाघाटाच्या पठारावरील गावांना मात्र विहिरीवाचून पर्याय नव्हता.

या विहिरींचे स्वरूप तेथील खडकाने ठरविले आहे. नांदेड जिल्ह्याचा ग्रॅनाइटी पूर्व भाग वगळता बहुतेक प्रदेश बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी केवळ भेगांतून व मुरमाच्या थरांतून झिरपते. झरे मंद असल्याने पाणी साठविण्यासाठी विहीर रुंद खणावी लागते. पाच ते आठ मी. व्यास व दहा ते पंधरा मी. खोली सर्वसाधारण होय. पिण्याच्या पाण्याचा अरुंद आड पोहण्यास निरुपयोगी असतो. शेतातील रुंद विहीर ही म्हणूनच गावाची पोहण्याची शाळा ठरली.

शिकण्याचा काळ चैत्र-वैशाखातील सुटीचा. नवशिक्याच्या पाठीस वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका किंवा घट्ट झाकणाचा रिकामा डबा बांधीत. पुढे मोटारीच्या चाकाची ट्यूब आली. कमरेला कासरा अथवा दोर बांधून त्याचे टोक काठावरील वडीलधारी व्यक्ती धरीत असे. हात मारता येऊ लागले की भोपळा सुटे, दोर मात्र राही. यानंतर मोट जेथे रिती होई त्या थारोळ्यावरून उडी घ्यावयाची. गुडघे पोटाशी घेऊन मारलेली उडी म्हणजे मुटका व हात पुढे करून डोक्याकडून घेतलेला तो सूर. तळ गाठल्याची खूण म्हणून मूठभर गाळ वर आणावा लागे. तो पुरावा नसेल, तर सवंगडी बुडी मान्य करीत नसत.

पहिल्या बुडीत दोन गोष्टी अनपेक्षित वाटतात. पहिली, कानातील कळ. दर दहा मी. खोलीस पाण्याचा दाब सु. एका वातावरणाने वाढतो. दोन-तीन मीटरांवरच कानाचा पडदा आत दाबला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबल्यास दाब समतोल होतो. दुसरी, गारवा. उन्हाळ्यात वरचे पाणी तापलेले, तर खालचा थर थंड असतो.

गोठलेल्या सरोवरात हा क्रम उलट असतो. पाण्याची घनता ४° से. तापमानास सर्वाधिक असल्यामुळे असे पाणी तळाशी जाते, बर्फालगतचे पाणी सु. ०° से. असते आणि सरोवर वरून गोठते. तेथे बर्फात बहुधा त्रिकोणी भोक पाडून, शरीर कोरडे ठेवणारा पोशाख व श्वसनयंत्र घालून बुडी घेतात. वर येण्यास ते एकच द्वार असल्याने बुडणाऱ्यास दोर बांधलेला असतो, काठावरील माणूस दोराच्या झटक्यांनी त्याच्याशी संवाद राखतो व दुसरा पाणबुड्या सज्ज असतो. साधने निराळी असली, तरी काठावर दोर धरणारा माणूस हा विहिरीतील रीतीचाही कणाच होय.

विहिरीतील धोके पुष्कळ वेळा पाण्याबाहेरचे असतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेले म्हणजे बुडालेले खडक व गाळ उडीच्या टप्प्यात येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली. तेव्हापासून सदोष तारेतून पाण्यात वीज उतरण्याचे भय निर्माण झाले. बुडीपूर्वी मुद्दाम जोरजोराने श्वास घेण्याची मुलांची सवय विशेष घातक आहे. त्यामुळे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो, श्वासाची निकड उशिरा जाणवते व पाण्याखालीच शुद्ध हरपते. बराच काळ न वापरलेल्या विहिरीत हवेपेक्षा सु. दीडपट जड असलेला हा वायू साचतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत ऑक्सिजनाची कमतरता दाखवी. विषारी वायू मात्र तिने कळत नाहीत आणि ज्वालाग्राही वायू असल्यास ज्योतीनेच स्फोट होऊ शकतो. बेशुद्ध पडलेल्यास काढण्यासाठी घाईने उतरलेला दुसरा माणूसही दगावण्याचा धोका यामुळेच असतो.

भूजल खालावल्यामुळे ही रीत क्षीण झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी पोहण्याजोगे पाणी विहिरींत कोठून उरणार? खोल विंधन विहिरींतून पाणी मिळते, पण त्यांत पोहता येत नाही. पाठोपाठ प्लॅस्टिकच्या अस्तराची शेततळी वाढली. त्यांचे उतार ओले झाल्यावर इतके निसरडे होतात की, पोहता येणाऱ्यासही काठ चढता येत नाही. अशा तळ्याभोवती कुंपण व आत काठापासून तळापर्यंत सोडलेला, गाठी मारलेला दोर असणे आवश्यक असते.