तळाशी राहिलेलं वाटीभर पाणी

"काहून वो वहिनी, एवढं महागाचं मशीन अन् भांडी पुन्हा हातानंच?" शेजारच्या काकूंनी विचारलं आणि मी ओशाळले. मनगटं दुखतात म्हणून मुलानं भांडी धुण्याचं मशीन घेऊन दिलं होतं. आठवड्याभरातच ते बंद!

कारण एवढंच, की फेरी संपल्यावर गाळणीत डोकावलं तर खाली पाणी दिसायचं. सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "हे खरकटं पाणी. या भांड्यांत नैवेद्य नको." शेवटी नागपूरहून कुहीला मेकॅनिक बोलावला. त्यानं एकदाच पाहिलं, हसला, म्हणाला, "ताई, हे पाणी राहायलाच पाहिजे," आणि येण्याचे पैसे घेऊन गेला!

मैत्रिणींनो, हे पैसे तुम्ही तरी वाचवा. गाळणीच्या खाली एक खोलगट जागा असते. पंपानं पाणी बाहेर फेकलं तरी तिथं थोडं उरतंच. त्यामुळे आतले रबरी भाग सुकून तडकत नाहीत. शिवाय ते शेवटच्या विसळणीचं पाणी असतं, आणि बहुतेक मशीन पुढच्या फेरीच्या सुरुवातीला ते बाहेर टाकतात. विसळलेल्या पातेल्याच्या तळाशी चार थेंब राहतात, तसंच हे! सासूबाईंना असं सांगितलं तेव्हा कुठे पटलं.

पाणी गाळणीच्या वर, तळावर पसरलेलं दिसलं तर मात्र काहीतरी अडलं आहे. आमच्याकडे चार महिन्यांनी तसं झालं. या वेळी मी मेकॅनिकला न बोलावता स्वतःच पदर खोचला. गाळणीत काय निघालं? भाताची शितं आणि भिवापुरी मिरचीचं बी! तुम्हीही या क्रमानं पाहा :

१. मध्येच वीज गेली होती का, हे आधी आठवा. तसं असेल तर पाणी आत राहणारच. वीज आल्यावर फेरी पुरी होऊ द्या.

२. नाहीतर बटण बंद करून प्लग काढा. पाणी कढत असतं, निवू द्या. मग वाटीनं उपसा, फडक्यानं टिपा. त्यात पावडर असते, म्हणून तुळशीला घालू नका.

३. गाळणी फिरवून काढा आणि जुन्या दातांच्या ब्रशनं नळाखाली धुवा. खालच्या खळग्यात हात घालताना रबरी मोजा घाला, फुटक्या काचेचा तुकडा असू शकतो. गाळणी परत नीट घट्ट बसवा, नाहीतर कचरा थेट पंपात जातो.

४. सांडपाण्याची नळी मागे दुमडली आहे का पाहा. ती थोडी वर नेऊन मग पाइपात सोडलेली असावी. सिंक तुंबलं असेल, तर तिथलं घाण पाणी उलट मशीनमध्ये येतं!

५. हातानं भांडी घासायचा साबण मशीनमध्ये घालू नका. फेस झाला की पंपाला पाणी ओढता येत नाही.

एवढं करूनही पाणी हटलं नाही, तर खुशाल मेकॅनिक बोलवा. मग दोष बहुधा पंपातच असतो. भांडी मशीनमध्ये लावण्याआधी खरकटं निपटून काढलंत, तर ही वेळ क्वचितच येईल.

आणि "हे आपलं काम नव्हे" असं म्हणू नका हं! नोकरांच्या हातून किमती चिनीमातीची भांडी टवकतात म्हणून अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनीच असं यंत्र तयार केलं, १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. बाईनं काढलेलं यंत्र, त्याची गाळणी आपल्याला का धुता येऊ नये?

आमच्याकडे आता नैवेद्याची वाटीही मशीनमधूनच येते. फक्त दर शनिवारी सासूबाई विचारतात, "गाळणी धुतली का गं?"