स्फटिकातील उष्णकंपने आणि प्रसरण : क्ष-किरणांनी होणारे दुहेरी मापन

मिठाचा खडा निश्चल भासतो. परंतु त्यातील एकही आयन स्थिर नसतो. सोडियमचे धनभारित व क्लोरीनचे ऋणभारित आयन सुमारे २.८२ अँगस्ट्रॉम अंतरावर आळीपाळीने मांडलेले असतात आणि प्रत्येक आयन आपल्या स्थानाभोवती अखंड कंप पावत असतो. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग होय.) खडा तापविला की कंपने वाढतात, आणि खडाही आकाराने वाढतो. या दोन घटना वस्तुतः भिन्न आहेत. क्ष-किरणांच्या विवर्तनाचे वैशिष्ट्य असे की, एकाच प्रयोगात त्या दोहोंची स्वतंत्र नोंद होते.

१९१२ मध्ये म्यूनिक येथे लाउए यांच्या कल्पनेनुसार फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले. उष्णकंपनांमुळे जालकाची नियमितता बिघडून कोणतीही आकृती उमटणार नाही, अशी शंका त्या वेळी घेतली गेल्याचे लाउए यांनी पुढे नमूद केले आहे. प्रत्यक्षात ठिपके स्पष्ट उमटले. असे का व्हावे, याचा उलगडा डेबाय यांनी १९१३ मध्ये केला आणि वॉलर यांनी १९२३ मध्ये त्यात आवश्यक ती दुरुस्ती केली. त्यांच्या विवेचनाचे सार असे : कंपनांमुळे विवर्तित किरण पसरट होत नाही, केवळ मंद होतो. त्याने गमावलेली तीव्रता नष्ट न होता आजूबाजूला विखुरते.

किरण कोणत्या कोनातून बाहेर पडेल, हे ब्रॅग यांच्या नियमानुसार प्रतलांमधील सरासरी अंतरावर अवलंबून असते. म्हणून ठिपक्याचे स्थान प्रसरण सांगते, तर त्याची तीव्रता कंपने सांगते.

प्रसरणाचे प्रमाण अल्प असते. मिठाचे रेषीय प्रसरण दर अंशास दहा लाखांत सुमारे ४० भाग इतके आहे. अर्थात तापमान १०० अंशांनी वाढविल्यास २.८२ अँगस्ट्रॉमच्या अंतरात सुमारे ०.०११ अँगस्ट्रॉमचीच भर पडते. एवढा फरक पकडण्यासाठी, जे किरण जवळजवळ आलेल्या दिशेनेच परत फिरतात, त्यांचा उपयोग करतात. कारण तेथे अंतरातील किंचित बदलानेही कोन लक्षणीय सरकतो. १९६१ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील व्ही. टी. देशपांडे यांनी सोडियम फ्लोराइड व सोडियम ब्रोमाइड यांचे प्रसरण क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजले.

कंपनांचे मापन याहून अवघड आहे. सामान्य तापमानास मिठातील आयनाचे कोणत्याही एका दिशेतील सरासरी विस्थापन सुमारे ०.१४ अँगस्ट्रॉम, म्हणजे शेजारच्या आयनापर्यंतच्या अंतराचा विसावा भाग असते. २.८२ अँगस्ट्रॉम अंतरावरील प्रतलांपासून येणाऱ्या किरणाची तीव्रता त्यामुळे सुमारे एकदशांशाने घटते; प्रतले १ अँगस्ट्रॉम अंतरावर असतील, तर ती निम्म्याहूनही कमी उरते. शिवाय काही प्रतलांच्या परावर्तनात सोडियम व क्लोरीन यांचे वाटे एकमेकांत मिळतात, तर काहींत ते एकमेकांतून वजा होतात. दोन्ही प्रकार मोजले असता प्रत्येक आयनाचे कंपन निराळे काढता येते. सोडियमचा आयन हलका असून सामान्य तापमानास त्याचे कंपन क्लोरीनपेक्षा किंचित अधिक आढळते.

आता या दोन राशींचा परस्परसंबंध पाहू. आयनाला मागे खेचणारे बल विस्थापनाच्या अचूक प्रमाणात असते, तर कंपने कितीही वाढली तरी त्यांचा मध्य ढळला नसता आणि स्फटिक प्रसरण पावला नसता. परंतु शेजारच्या आयनाजवळ जाताना होणारा विरोध हा दूर जाताना होणाऱ्या विरोधापेक्षा तीव्र असतो. या विषमतेमुळे मध्य बाहेरच्या बाजूस सरकतो. कंपन हे उष्णतेचे साक्षात रूप आहे. प्रसरण हे त्या बलांच्या विषमतेचे फळ आहे.

या मापनाने एका मूलभूत प्रश्नाचाही निकाल लावला. केवळ शून्य तापमानास, म्हणजे उणे २७३ अंशांजवळ, कंपने पूर्णपणे थांबावीत, ही जुन्या भौतिकीची अपेक्षा होती. पुंजयामिकीप्रमाणे मात्र प्रत्येक कंपनात अर्धा पुंज ऊर्जा उरलीच पाहिजे. दोन तापमानांच्या तीव्रतांची तुलना केल्यास कंपनांतील फरक तेवढा कळतो, मूळ शिल्लक कळत नाही. ती कळण्यासाठी निश्चल आयन क्ष-किरण किती विखुरतो, हे गणिताने माहीत असावे लागते. १९२८ मध्ये जेम्स, वॉलर आणि हार्ट्री यांनी हार्ट्री यांच्या गणिताची सैंधवावरील मापनांशी तुलना केली. शिल्लक ऊर्जा गृहीत धरली तरच दोहोंचा मेळ बसला. द्रव हवेइतक्या थंड केलेल्या मिठातील ठिपक्यांची तीव्रता मोजून, सर्व उष्णता काढून घेतल्यावरही स्फटिकात गती उरते, हे अशा रीतीने प्रत्ययास आले.