ठिणगीची वाट

बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी चांदीच्या तोफा करवून घेतल्या. त्यांनी कैदेत टाकलेले धाकटे भाऊ मल्हारराव १८७० मध्ये गादीवर आले आणि त्यांनी सोन्याच्या करवल्या! बैल जुंपून त्या मिरवत. बघणाऱ्याची नजर सोन्यावर खिळते. मला मात्र आतल्या पोलादी नळीचं नवल वाटतं. सोनं मऊ, बाराचा जोर त्याला सोसवत नाही. तो सोसायला पोलादच हवं.

ठासणीच्या हत्याराची नळी मागून बंद असते. जे घालायचं ते तोंडातून: आधी दारू, मग गोळा किंवा गोळी, आणि गजाने सगळं घट्ट ठासायचं. ‘ठासून सांगणं’ आणि ‘फुसका बार’ आपण रोज बोलतो, तेव्हा तोंडात याच कामाचे शब्द असतात. पण मागची बाजू बंद आणि पुढून गोळी बसलेली, तर आतल्या दारूपर्यंत आग पोचायची कशी?

तोफेला वरून एक बारीक भोक असतं, त्याला काना म्हणतात. त्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, भरून बत्ती द्यायची. माघार घेताना तोफ ओढून नेता आली नाही, तर कान्यात खिळा ठोकत. एवढं प्रचंड धूड त्या एका खिळ्याने मुकं होई.

बंदुकीत हे भोक कुशीला गेलं. १८०२ मध्ये इंग्रजांनी बडोद्याला वेढा घालून जी अरब शिबंदी बाहेर काढली, तिच्या काळची बंदूक तोड्याची. सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी धुमसत राही, चाप ओढला की ती रंजकीला लागे आणि जाळ बाजूच्या भोकातून आत शिरे. पाऊस आला की पंचाईत. पुढे तोड्याऐवजी ठिणगी पाडणारी चकमक आली, पण रंजकीचा भपका आधी दिसे आणि बार मागून होई. तेवढ्यात पाखरं उडून जात. अलेक्झांडर फोर्सिथ या शिकारीच्या नादी स्कॉटिश धर्मोपदेशकाने त्यावर उपाय शोधला आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं: आघातानेच पेटणारी दारू. त्यातूनच पुढे अशी दारू भरलेली तांब्याची टोपी आली. तरीही जाळ बाजूनेच यायचा, वळण घेऊन.

मग सरळ मागून का नाही? ही कल्पना जुनीच. जर्मनीत ड्रायझेची १८२७ च्या सुमाराची पहिली सुईची बंदूक तोंडातूनच भरायची, पण तिची सुई मागून सरळ घुसे. पुढे मागून उघडणाऱ्या नळ्या आणि काडतुसं आली, आणि ठासणीचं राज्यच संपलं. सरळ वाट सापडली, पण तोवर ठासणीलाच कोणी विचारेना.

तिचं दैव फळलं ते १९८५ मध्ये, अमेरिकेतल्या मिझुरीत. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो. टोनी नाइट या कारागिराने त्यासाठी ‘एमके-८५’ बनवली. नळीच्या बुडाशी टोपी, तिच्या मागे स्प्रिंगवरचा दट्ट्या. चाप ओढला की तो सरळ पुढे येऊन टोपीवर आदळतो आणि जाळ न वळता दारूत घुसतो. हीच ‘इनलाइन’ रायफल. मला तिची दुसरी खुबी जास्त आवडते: मागचं बूच आट्यांवर फिरवून काढता येतं आणि नळीतून आरपार उजेड दिसतो. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावरही घनरूप उरतो. काही धूर होऊन उडतो, बाकी नळीत चिकटतो आणि हवेतली ओल धरतो. गरम पाण्याने लगेच धुतली नाही तर गंज चढतो. म्हणून आज जुनी इनलाइन विकत घेणारा संग्राहक आधी बूच फिरवून बघतो. ते गंजून बसलेलं असेल तर बाकी चकाकीला अर्थ नाही.

आपल्याकडे ठासणीचीही बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्यात येते. दुरुस्त करूनही उडणार नाही अशी कालबाह्य वस्तू तेवढी सुटते. तरी बघायला परवाना लागत नाही. संग्रहालयात जुनी बंदूक दिसली की नक्षीकाम सोडून बुडाकडे बघा. कुशीला उघडी वाटी असेल तर ती रंजकीची; वाटी नसून टोपी बसवायची बोंडी असेल तर हत्यार फोर्सिथनंतरचं. आणि वाटीशेजारचं भोक नीट न्याहाळा. पुष्कळ बार झालेल्या नळीत ते आगीने झिजून रुंदावलेलं असतं.