पूर ओसरला, दुकान कधी उघडणार?

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुरात कोकणातल्या चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा पुरानंतर किराणा दुकानात काय उरतं? चिखल! तो ओला असतानाच उपसायचा, वाळला की दगडच. साखर-मीठ विरघळलेलं, डाळी फुगून आंबलेल्या. भिजलेले गहू-तांदूळ वाळवून विकले तर? छे! पुराच्या पाण्यात गटाराची घाण असते. नुकसान कितीही होवो, ते फेकायचंच. दुकानदाराला हेच सगळ्यात जड जातं. गच्च बंद पत्र्याचे डबे मात्र धुऊन, जंतुनाशकात बुडवून वाचतात. मग ब्लीचिंग पावडरने फरशी धुवायची, वायरिंग तपासून घ्यायचं. आणि उधारीची वही? पानं सावलीत सुकवायची. शाई पसरली असेल, तर बाकी किती ते गिऱ्हाइकांनीच आठवून सांगायचं, बरं का!