जहाजाचे डोलणे

झोपाळ्याला नेमक्या क्षणी हलकासा रेटा देत गेले, म्हणजे तो उंच उंच जाऊ लागतो. मोठ्या जहाजावरही कधीकधी असाच प्रसंग ओढवतो. जहाज एकदा डोलून पूर्वस्थितीला येते, तेवढ्या वेळात समोरून बरोबर दोन लाटा येत राहिल्या, तर त्याचे डोलणे वाढतच जाते. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर पॅसिफिक महासागरातील वादळात ‘एपीएल चायना’ हे जहाज असेच ३५ ते ४० अंशांपर्यंत कलले आणि त्यावरील सुमारे ४०० कंटेनर समुद्रात पडले.

काळोख्या रात्री लाटा डोळ्यांना नीट दिसत नाहीत. म्हणून आता पुष्कळ जहाजांवर गतिसंवेदक बसवितात. जहाज किती कलले, किती वेळात सावरले, त्याची नाळ किती उचलली गेली, हे ते क्षणोक्षणी मोजतात. डोलणे वाढू लागताच कप्तानाला इशारा मिळतो. मग तो वेग किंवा दिशा बदलतो. लाटांवर आदळत जाणाऱ्या जहाजाचे इंधनही अधिक जळते. तेही या मोजमापांमुळे वाचविता येते. लाटा थोपविणे कोणाच्याच हातचे नाही. पण त्यांचा ठेका वेळीच ओळखला, तर जहाज सुखरूप बंदराला लागते.